धोंड्याच्या वाणात चामड्याचं म्यान

वैनी, कुकर लावलाय का? मग दोन मिनिटं थांबा की. अशा भिंतीजवळ या, मोठ्यानं बोलायचं नाही. नाना अजून व्हरांड्यातच बसलेत.

रविवारी त्यांचा जावई आला होता बघा पुण्याहून, धोंड्याला. यंदा अधिक ज्येष्ठ, त्यात लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. नानींनी काय काय केलं म्हणून सांगू. तेहतीस अनारसे, चांदीचं निरांजन, लेकीला साडी, जावयाला कपडे, सगळं रीतीनं. आणि त्या ताटात, अनारशांना खेटून, नानांनी काय ठेवलं? चामड्याचं कव्हर! खिशातल्या चाकूचं. नाना त्याला म्यान म्हणतात, जणू भवानी तलवारच ठेवायची आहे. आणि विकतचं नाही हं, स्वतःच्या हातानं शिवलेलं.

नाही नाही, हसू नका. मीही आधी हसले. पण पूर्ण ऐका.

जावई आहे गडकिल्लेवाला. शनिवार-रविवार घरात ठरत नाही. त्याच्याकडे तो लाल स्विस चाकू आहे, पांढऱ्या क्रॉसचा. तो चाव्यांबरोबर खिशात टाकतो, आणि खिशाला भोक. लेकीनं आईला फोनवर गाऱ्हाणं सांगितलं, पँटी शिवून शिवून हात दुखले म्हणून. नानी 'हो का, हो का' करत होत्या, आणि नानांचा कान तिकडे. बँकेतनं रिटायर झाल्यापासून माणूस काम शोधतच असतो. मिळालं.

पहिल्यांदा म्हणाले, दुसरा चाकूच घेऊ, जरा मोठा. नानींनी तो बेत तिथंच मोडला. धारेची वस्तू जावयाला देतात होय? नाना म्हणाले, अगं युरोपातसुद्धा हे मानतात, म्हणून चाकू मिळाला की घेणारा एक नाणं परत देतो, म्हणजे विकत घेतल्यासारखं होतं आणि संबंध तुटत नाहीत. नानी म्हणाल्या, मग आता धोंड्याला बोलवून जावयाकडनं पैसे घेणार का? मिटला विषय. चाकू त्याचा, कव्हर आपलं. आणि खरं सांगू, हे बरंच झालं. ज्याच्याकडे आवडीचा चाकू आहे त्याला दुसरा नको असतो. तो आहे तोच नीट राहावा, एवढंच हवं असतं.

मग नाना त्या चाकूच्या इतिहासात शिरले. आमच्या ह्यांना गेटवर गाठून अर्धा तास सांगितलं. स्वित्झर्लंडमध्ये ईबाख म्हणून गाव आहे, तिथं कार्ल एल्सेनर नावाच्या माणसानं १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला. १८९१ साली सैन्याला पहिले चाकू दिले. शिपायाला डबा उघडता यावा आणि बंदूक खोलता यावी, एवढ्याचसाठी. बाटलीचं बूच काढायचा स्क्रू शिपायाच्या चाकूला नव्हताच, तो १८९७ मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूत आला. म्हणजे तिथंही साहेबांचं वेगळं आणि शिपायाचं वेगळंच की! एल्सेनरच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, त्यावरनं कंपनीचं नाव पडलं, हे नानांना फार आवडलं. असो. आपल्याला कव्हराशी काम.

तर नानांनी काय केलं, ऑनलाइन एक पेटी मागवली. सुया, आऱ्या, भोकं पाडायचे काटे, मोगरी, दहा रंगांचे दोरे. नानी तेव्हा भिशीला गेल्या होत्या म्हणून कुरिअरवाला माझ्याकडे ठेवून गेला. बिल वर चिकटवलेलं होतं. आकडा मी तुम्हाला सांगत नाही, नानींनाही सांगितला नाही. पण त्यात कोल्हापुरी चपलांचे चार चांगले जोड आले असते, एवढं समजा. आणि त्या पेटीत सगळं होतं, चामडं सोडून! मग चामडं कुठलं, तर सोफे दुरुस्त करणाऱ्याकडनं फुकट आणलेले तुकडे. मऊ, लुसलुशीत, तपकिरी. नाना खूश.

शिवलं त्याचं. पिशवीसारखं लोंबायला लागलं. आकार म्हणून नाही. चाकू आत घातला की खाली ओघळायचा आणि कडा कापडासारख्या उसवलेल्या दिसायच्या.

तेव्हा मग स्वारी चौकातल्या मामांकडे गेली. छत्रीखाली बसतात ते, वडाजवळ. तुमच्या शाळेच्या दप्तराचा बंद शिवून देतात तेच. मूळचे सुभाषनगरचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या चपलांचं काम. मामांनी तो तुकडा दोन बोटांत धरला, वाकवला, म्हणाले, "नाना, हे क्रोमचं. सोफ्याला झकास. ह्याला ओलं करून दाबलं तरी ते आपला आकार धरत नाही. तुम्हाला पाहिजे सालीत कमावलेलं."

वैनी, इतकी वर्षं कोल्हापुरात राहून मला हे माहीत नव्हतं. क्रोमियमच्या क्षारात कातडं दिवसा-दोन दिवसांत कमावून होतं, मऊ राहतं, पाण्याला फार दाद देत नाही. आणि बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरवलेल्याला कित्येक आठवडे लागतात, पण ते ताठ असतं. भिजवलं की वळतं, वाळलं की जिथं वळवलं तिथंच थांबतं. आपल्या पायताणाचा तळ असतो ना, तसलं. मामांनी म्हशीच्या कातड्याचा एक तुकडा काढून दिला, दोन मिलिमीटर जाडीचा. म्हणाले, ह्याच्याहून जाड घेतलंत तर आरी घालताना मनगट जाईल, पातळ घेतलंत तर दोन पावसाळ्यांत ढिलं पडेल.

आता मापाची गंमत ऐका. चाकू बंद असताना ९१ मिलिमीटर लांब. रुंदी साधारण सव्वीस. बँकेतला माणूस, हिशेबाला पक्का. सव्वीसच्या वर थोडी शिलाई धरून कातडं कापायला निघाले. मामांनी हात धरला. "आणि त्याची जाडी कुणी धरायची?" खरंच की! त्या चाकूत कात्री, करवत, पेचकस, काय काय भरलेलं. जाडीच दोन सेंटिमीटरपर्यंत. ती जाडी रुंदीत मिळवायची, वर दोन्ही बाजूंना शिलाईची जागा सोडायची. मामा तर आकडेच काढत नाहीत. जाड कागद घेतला, चाकूवर गुंडाळला, दोन्ही कडांना चिमटीत दाबून पेन्सिलीनं रेघ मारली. झाला नमुना. एकच लांब पट्टी: पुढचा भाग, तळाला घडी, मागचा भाग, आणि तोच वर झाकण होऊन पुढे येतो. म्हणजे तळाला शिवणच नाही, फक्त दोन बाजू शिवायच्या. नवशिक्यानं ह्याच्यापुढं जाऊ नये असं मामांचं मत, आणि ते मला पटलं. लोक पहिल्याच फटक्यात तीन कप्प्यांचं पाकीट करायला जातात.

कापताना मामांची रापी नानांच्या हातात बसेना, तिरकीच जायची. मग साधा कटर घेतला. एका दमात जोर लावून कापायचं नाही. पट्टी धरून हलक्या हातानं त्याच रेघेवरनं तीन-चारदा फिरवायचं.

आता भिजवण्याचा प्रकार. चाकूला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळायचा, कातडं कोमट पाण्यात भिजवायचं, चाकूवर बसवून बोटांनी कडा दाबत राहायचं, मग सावलीत वाळू द्यायचं. सावलीत, असं मामांनी बजावून सांगितलं होतं. पण नानांना दम कुठला! मे महिना, रणरणतं ऊन, गच्चीवर नानींच्या कुरडया वाळत घातलेल्या. त्याच कापडाच्या एका टोकाला नानांनी कातडं ठेवून दिलं. संध्याकाळी नानी कुरडया उचलायला गेल्या आणि जे काय बोलल्या, ते तुमच्यापर्यंत आलं नाही म्हणजे तुमचा टीव्ही मोठा असणार. कुरडया सगळ्या मोलकरणीला दिल्या. आणि कातडं? आखडून, वाकडं होऊन, तळलेल्या पापडासारखं झालं होतं. दाबलं तर कडकड वाजायचं. पुन्हा मामांकडे. मामांनी नवा तुकडा दिला, त्याचे पैसे मात्र चोख घेतले.

दुसरा फटका पट्ट्याचा. कव्हर कमरेच्या पट्ट्यात ओवायला मागं एक कातड्याचा लूप लागतो ना? नानांनी दोन्ही बाजू चिकटवून एक कड शिवत आणली आणि मग लूप हातात घेऊन बसले. आता मागच्या बाजूला सुई आतनं घालायची कशी? हातच जात नाही! सगळं उसवलं. झाकणाचं टिच बटणसुद्धा असंच, बाजू बंद करायच्या आधी ठोकायचं. लूप आधी, बटण आधी, कडा शेवटी. तुमच्या भावाला सांगायचं असेल तर एवढं नक्की सांगा.

शिवण मात्र नानांनी जमवली, हे मान्य करायला पाहिजे. मी रोज इथनं बघत होते. कंपासपेटीतलं नातवाचं कर्कटक घेऊन कडेपासनं तीन-चार मिलिमीटरवर एक सारखी रेघ ओढली. चिकटवायच्या जागी चकचकीत बाजू घासून खरबरीत केली, दोन्हीकडे सोल्युशन लावलं, ते जरा सुकू दिलं, मग दाबून बसवलं. आधी चिकटवायचं आणि मग भोकं पाडायची, नाहीतर वरचं भोक आणि खालचं भोक एकमेकांना भेटत नाहीत. दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्यायचा, मेणातनं ओढून काढायचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. सुया बोथट टोकाच्या, कारण भोक आधीच आरीनं पाडलेलं असतं. एक सुई डावीकडनं, एक उजवीकडनं, दोन्ही त्याच भोकातनं. मग दोन्ही हात बाजूला फाकवून सारख्याच जोरानं ओढ. प्रत्येक वेळी आधी तीच सुई, मागनं दुसरी. क्रम बदलला की टाका लगेच वाकडा पडतो, चोरी लपत नाही.

घोड्याचं खोगीर शिवणारे असं शिवतात म्हणे. ती पॅरिसची एर्मेस कंपनी आहे ना, लाखालाखाच्या पर्सवाली, ती १८३७ साली घोड्यांचं सामान करायलाच निघाली होती, आणि अजून हाच टाका घालते. हेही नानांनीच सांगितलं. मामांची पद्धत निराळी. त्यांच्या आरीला टोकाशी खाच असते. ती वरनं घुसवतात, खालच्या हातानं त्यात दोरा अडकवतात आणि फास वर खेचतात. वीज चमकल्यासारखा हात. दोन सुयांचा प्रकार बघून आधी म्हणाले, "असं शिवत बसलो तर दिवसाला दोन गिऱ्हाईकं होतील, खाऊ काय?"

पण मग त्यांनी एक केलं बघा. दुरुस्तीला आलेली एक मशीनशिलाईची जुनी पर्स होती, तिचा एक टाका रापीनं कापला आणि कड ओढली. फर्रकन पुढचे टाके सुटत गेले. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा वर आणि खालचा खाली, मधे नुसते एकमेकांत अडकलेले. एक तुटला की दुसऱ्याला धरायला काही उरत नाही. मग नानांच्या बिघडलेल्या तुकड्यावरचा एक टाका कापला. ओढलं. ढिम्म! दोन्ही दोरे प्रत्येक भोकातनं आरपार गेलेले असतात. एक तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. मामा म्हणाले, "मजबूत आहे." नाना त्या दिवशी घरी आले ते बँकेत बढती मिळाली तेव्हाही आले नव्हते, अशा चालीनं आले.

आता खरी गोष्ट सांगते, त्यासाठीच तुम्हाला थांबवलं.

नानी म्हणत होत्या, चामडं वाणात ठेवायचं नाही. अधिक महिना, विष्णूचा महिना, आणि त्यात कातडं? नाना म्हणाले, पखवाजाला काय रेशीम लावतात का? त्यावर थाप पडल्याशिवाय तुमचं भजन सुरू होत नाही. नानी गप्प झाल्या, पण पटलं नाही. आणि मग एक दिवस मामा व्हरांड्यात आले, कडा घासायला शिकवायला. मी तुळशीला पाणी घालत होते. खरं सांगू? मुद्दाम घालत होते. मला बघायचं होतं, नानी चहा कशातनं देतात. आमच्या सासूबाई होत्या तेव्हा पायताणं शिवून घेऊन कुणी आलं तर पैसे पायरीवर ठेवायचे आणि जोडावर पाणी शिंपडून तो आत घ्यायचे. हे काही फार जुनं नाही हो वैनी, मी नवी सून होते तेव्हाचं.

नानींनी घरातल्याच कपातनं दिला. वर बशीत दोन अनारसेही. बरं वाटलं मला. पण विचार करा, त्या बॉक्समधली आरी नानांच्या हातात आली की तो छंद, फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा, सगळे टाळ्या वाजवणार. आणि तीच आरी मामांच्या हातात असली की आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. गेल्या वर्षी जूनमध्ये ती इटलीची कंपनी, प्राडा, तिनं मिलानला आपल्यासारखी पायताणं दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा ह्याच गल्लीत किती तावातावानं बोललो आपण! भौगोलिक मानांकन आमचं, २०१९ साली मिळालेलं, आठ जिल्ह्यांचं, वगैरे. पुढं त्यांनी कबूलही केलं. पण चौकातल्या मामांचं नाव किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. नानांनी विचारलं म्हणून कळलं.

आणि पैशांचं ऐका. काम संपल्यावर नाना म्हणाले, "मामा, या एकदा जेवायला." मामा हसले. म्हणाले, "जेवायला येतो की. पण नातवाच्या इंग्रजीच्या मास्तरला जेवायला घालून भागवता का?" नानांचा चेहरा असा झाला म्हणता! मग दोघांनी बसून तासावर हिशेब केला. नानांनी पाकिटात घालून रक्कम दिली. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात नानांनी केलेलं सगळ्यात नीट काम हेच.

कव्हर कसं झालंय म्हणता? उजवी कड सरळ, डावी जरा दारू प्यायल्यासारखी. तोंडाशी, जिथं ओढ जास्त बसते तिथं, दुहेरी टाके आहेत. शेवटाला दोन-तीन टाके उलटे मागं नेऊन दोरा कापलाय. कडा पाण्याचा हात लावून लाकडानं घासल्यात, त्यावर मेण, गुळगुळीत झाल्यात. तेलाचा एक हात दिलाय, त्यानं रंग गडद झाला. चाकू आत गेला की बसतो, उलटं धरून हलवलं तरी पडत नाही. मी बघितलंय हलवून.

नानींनी शेवटी काय केलं, ते कव्हर अनारशांच्या ताटातनं उचललं आणि वेगळ्या पाटावर ठेवलं, वर सुपारी. जावयानं निरांजन बायकोच्या हातात दिलं आणि कव्हर तिथंच पट्ट्यात ओवलं. जेवताना काढलं नाही. आंबे त्याच चाकूनं कापायला निघाला होता, लेकीनं डोळे वटारले म्हणून थांबला.

फक्त एक राहिलं होतं, ते मामांनी निघताना सांगितलं. आता पाऊस येईल. चामडं ओल धरतं, सालीत कमावलेल्यात आंबटपणाही असतो, चाकू त्यात महिनोन्‌महिने कोंडून ठेवला तर गंज धरतो. गडावरनं आलं की चाकू बाहेर काढायचा, दोन्ही पुसायचे, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. कव्हरावर बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं पुसून वाऱ्यावर ठेवायचं. उन्हात नाही!

अगं बाई, तीन शिट्ट्या झाल्या तुमच्या. जा जा. आणि तुम्ही म्हणत होता ना, राखीला भावाला असलंच काहीतरी करून द्यावं? मग पेटी मागवू नका. नानांची पडून आहे, मी मागून देते. चाकूवर गुंडाळून कागदाचा नमुना तेवढा करा, आणि सकाळी दहाच्या आत मामांना गाठा, नंतर गर्दी असते. शिकवायचे किती घेणार ते आधीच विचारा, आणि सांगतील तेवढे द्या.